२२००जी प्रोसेसर काढून काय बसवू? बजेट १४ हजार, बोर्ड बी४५०

ओम_मिरज

नमस्कार मंडळी. मी मिरजेचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पीसी काकांनी २०१९ साली घेतला होता, आता माझ्याकडे आहे. रायझन ३ २२००जी, बी४५० चिपसेटचा छोटा बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक (डीडीआर४, २६६६), एसएसडी, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय. जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड मागच्या वर्षी सेकंडहँड घेतलं. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झ.

व्हॅलोरंट बरं चालतं. पण काउंटर-स्ट्राइक २ (सीएस२) मध्ये धूर टाकला आणि समोरून तीन-चार जण आले की गेम झटके खातो. जीटीए ऑनलाइनमध्ये शहरातून जोरात गाडी नेली की आधी नुसता रस्ता दिसतो, बिल्डिंगा मागून उगवतात. एफपीएसची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) सरासरी काढली तर वाईट नाही, पण नेमकं निशाणा धरायच्या वेळी अडकतं.

बजेट १४ हजार. सणासुदीला मामांच्या दुकानात काम करून साठवलेत. घरून यावर एक रुपया मिळणार नाही, हे आधीच सांगून झालंय.

सांगलीत भाव काढले ते असे: रायझन ५ ५५०० ला ७,९००. रायझन ५ ५६०० बॉक्समधला १०,४००, ट्रेमधला (खोक्याशिवाय सुटा) ८,९००. रायझन ७ ५७००एक्स १४,५००. दुकानदार म्हणतो, जुनं सोड, कोअर आय५-१२४००एफ घे ११,८०० ला आणि एच६१० बोर्ड ६,२०० ला. तुझा बोर्ड आणि २२००जी मिळून मी ५ हजारांत घेतो, रॅम तीच चालेल. म्हणजे १३ हजारांत बसतंय. मित्र म्हणतो, एवढे पैसे घालणार तर थांब आणि एएमडीच्या नव्या सॉकेटचा, एएम५ चा, पीसी घे. माझं डोकं चालेनासं झालंय. काय करू?


निखिल_ठाणे

भावा, एएम४, म्हणजे तुझ्या बोर्डाचं सॉकेट, आता संपलं. त्यात पैसे घालू नकोस. सहा महिने थांब, अजून थोडे जमव आणि रायझन ५ ७५००एफ किंवा ७६०० घे. एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत तरी नवे प्रोसेसर देऊ असं कंपनीने सांगितलंय, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलून भागेल. मी तेच केलं, लॅमिंग्टन रोडवर दोन शनिवार फिरून. आजही समाधानी आहे.


सुजाता_कराड

ओम, माझं कराडला दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर पतसंस्थांची आणि दूध डेअऱ्यांची मशीनं, संध्याकाळी कॉलेजच्या पोरांचे गेमिंग पीसी. २२००जी आणि पुढे कधीतरी घातलेलं ग्राफिक्स कार्ड ही जोडी माझ्या टेबलावर सतत येते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निखिलचं. तो म्हणतो ते एएम५ बद्दल खरं आहे, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते, डीडीआर४ त्यात बसतच नाही. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही नवं. त्यात रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून असे चढलेत की पोरांना कोटेशन देताना मलाच जड जातं. १४ हजारांत ते होणार नाही आणि सहा महिन्यांतही तुझ्याकडे तेवढे जमतील असं मला वाटत नाही. शून्यापासून पीसी बांधणाऱ्याला मी एएम५ च सांगते. तू शून्यावर नाहीस. तुझ्याकडे बी४५० बोर्ड आहे आणि सध्या तुझ्या पीसीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. २०१८ साली आलेल्या त्या चिपसेटवर २०२२ चे प्रोसेसर बसतात, नुसता बायॉस (बोर्डाच्या चिपमधला मूळ प्रोग्राम) नवा टाकावा लागतो.

आता खरेदीच्या आधीचं काम, फुकटातलं. कुठे अडतंय ते तू अजून मोजलेलं नाहीस, फक्त तुला जाणवलंय. एमएसआय आफ्टरबर्नर टाक, त्याच्यासोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरने गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दिसतात. तीन आकडे बघ: ग्राफिक्स कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर आणि किती रॅम भरलीय. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर सतत राहात असेल तर प्रोसेसर बदलून काही हाती लागणार नाही. कार्ड ५०-६० वर रेंगाळत असेल आणि चारही कोअर शंभरला टेकले असतील तर दोष प्रोसेसरचा. अजून एक सोपी खूण आहे. सीएस२ चं रिझोल्युशन १०८०पी वरून ७२० पी वर आण. एफपीएस भरभर वाढले तर कार्ड कमी पडत होतं. जिथल्या तिथे राहिले तर कार्ड मोकळंच बसलं होतं आणि प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नव्हता. पोळ्या लाटणारा हात हळू असेल तर तवा मोठा आणून पोळ्या वाढत नाहीत, तसं ते.

माझा अंदाज आताच सांगते. २२००जी ला चार कोअर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ४ एमबी. शिवाय तो एपीयू (आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर) असल्यामुळे बोर्डावर १६ लेनचा लांब स्लॉट दिसला तरी तुझ्या कार्डाला प्रोसेसरकडून आठच पीसीआयई लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) मिळतात. सीएस२ मध्ये धूर, गोळ्या, खेळाडूंच्या हालचाली असं सगळं एकाच क्षणी मोजावं लागतं, त्यात मागे डिस्कॉर्ड आणि ब्राउझर चालू. चार थ्रेडना कुणाला आधी घ्यावं ते कळत नाही, तो तुझा झटका. सरासरीत तो दिसत नाही, म्हणून सरासरी बघून समाधान मानू नकोस. रिव्हाट्यूनरमध्ये फ्रेमटाइमचा (एकेका चित्राला लागलेल्या वेळेचा) आलेख लाव, त्यात सुळके उठताना दिसतील.

मोजून आकडे इथे टाक, मग पैशाचं बोलू.


आनंद_बंगळूरु

सुजाताताईंशी सहमत. फक्त इंटेलवाल्यांसाठी एक गोष्ट जोडतो, कारण हा धागा नंतर इतरही वाचतील. ज्यांच्याकडे सहाव्या-सातव्या पिढीचा इंटेल आहे, उदा. आय५-७४००, त्यांना ओमसारखी सोय नाही. त्या बोर्डात आठवी-नववी पिढी बसत नाही, सॉकेटचं नाव ११५१ तेच असलं तरी. त्यांना बोर्ड बदलावाच लागतो आणि मग १२४००एफ व डीडीआर४ चा बोर्ड हा खरंच चांगला सौदा आहे, जुनी रॅम वापरता येते. फार कमी पैसे असतील तर आय३-१२१००एफ घ्या. चारच कोअर पण आठ थ्रेड, आणि कोअर वेगवान आहेत. बोर्ड घेताना डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा ते खोक्यावर वाचा, त्या सॉकेटला दोन्ही प्रकार येतात.

ओम, १२४००एफ वाईट नाही. गेममध्ये तो आणि ५६०० जवळजवळ बरोबरीने चालतात. प्रश्न एवढाच की तुला बोर्डाचे पैसे कशाला घालायचे.


ओम_मिरज

ताई, केलं सगळं. सीएस२ मध्ये कार्ड ५० ते ६० टक्के, चारही कोअर शंभरला चिकटलेले. ७२० पी केलं तर एफपीएस दोन-चारनेच हलले. रॅम साडेसात जीबी भरलेली. जीटीएमध्ये कार्ड कधी ६५, कधी एकदम ३० वर पडतं, आणि पडतं तेव्हाच अडकतं. फ्रेमटाइमचा आलेख तर नुसत्या काट्यांसारखा.

म्हणजे प्रोसेसरच ना? आता ५५००, ५६०० की ५७००एक्स? आणि ट्रेवाला घेतला तर १,५०० वाचतात. अजून एक, सांगलीत एक जण ५७००एक्स३डी विकतोय, १७ म्हणतो. त्याचं खूप ऐकलंय.


सुजाता_कराड

प्रोसेसर आणि रॅम, दोन्ही. साडेसात जीबी भरलेली म्हणजे विंडोज उरलेलं एसएसडीवर ढकलतंय. जीटीएमधल्या उशिरा उगवणाऱ्या बिल्डिंगांत त्याचाही वाटा आहे.

दुकानदाराचा हिशेब नीट बघ. तुझेच भाव धरते, कारण भाव आठवड्याला हलतात. इंटेलकडे गेलास तर १८,००० मधून ५,००० वजा, खर्च १३,०००. हातात नवा प्रोसेसर, साधा एच६१० बोर्ड, आणि रॅम तीच ८ जीबीची एक स्टिक. उरतात १,०००. ५६०० बॉक्समधला घेतलास तर १०,४००. बोर्ड तोच. २२००जी सुटा विकून जे येईल ते वर. उरतात ३,६०० आणि त्यात तुला दुसरी स्टिक घेता येते. सहा कोअर, बारा थ्रेड दोन्हीकडे. आनंदभाऊ म्हणाले तसं गेममध्ये दोघे बरोबरीचे. मग एकीकडे १६ जीबी रॅम ड्युअल चॅनेलमध्ये (दोन स्टिक एकाच वेळी दोन वाटांनी) आणि दुसरीकडे ८ जीबी सिंगल चॅनेलमध्ये, यात तुलनाच होत नाही. बोर्ड बदलला म्हणजे सगळा पीसी खोलणं, विंडोज बहुतेक नव्याने टाकणं, हे वेगळंच. दुकानदार लबाड आहे असं मी म्हणत नाही. पण दोन वस्तू विकण्यात आणि तुझ्या दोन विकत घेण्यात त्याचा फायदा आहे, तुझा नाही.

५५०० की ५६००? नावात शंभराचाच फरक दिसतो, पण आतली चिप वेगळी आहे. ५५०० मूळ एपीयूच्या घडणीची चिप, ग्राफिक्स बंद केलेली. तिला एल३ कॅशे १६ एमबी. ५६०० ला ३२. गेमला कॅशे लागते, कारण प्रोसेसरला तीच तीच माहिती पुन्हा पुन्हा हवी असते आणि ती जवळ सापडली नाही तर रॅमपर्यंत हेलपाटा पडतो. ५५०० ला पीसीआयई ३.० आहे आणि ५६०० ला ४.०, पण तुझा बी४५० बोर्डच ३.० चा, त्यामुळे तो मुद्दा तुला लागू नाही. कॅशेचा मात्र लागू आहे. अडीच हजार जास्त जातात, ते दे. पाच-सात वर्षं वापरायची वस्तू आहे. खिशात दहाच हजार असते तर ५५०० आणि रॅम असं सांगितलं असतं, आणि तेही वाईट झालं नसतं. कुणी ५६००जी सुचवला तर घेऊ नकोस. तो कार्ड नसलेल्यांसाठी आहे, कॅशे त्यालाही १६ च. ५६००एक्स स्वस्तात मिळाला तरच. वेग २०० मेगाहर्ट्झने जास्त, जो तुला जाणवणारही नाही.

५७००एक्स चांगला आहे. आठ कोअर, सोळा थ्रेड. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या लग्नाच्या फोटोग्राफरना मी तोच बसवून देते, त्यांचा वेळ वाचतो. गेममध्ये १६६० सुपरसोबत वरचे दोन कोअर रिकामे बसतील. त्याच्यासोबत कूलर येत नाही हेही लक्षात ठेव.

५७००एक्स३डी बद्दल जे ऐकलंस ते खरं आहे. ९६ एमबी एल३ कॅशे, एएम४ वर गेमिंगला त्या घराण्याच्या पुढे काही नाही. पण तो १६६० सुपरला आणि ७५ हर्ट्झच्या मॉनिटरला जोडून तुला काय मिळणार? मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रंच दाखवतो. प्रोसेसर १५० तयार करू शकतो म्हणून डोळ्याला १५० दिसत नाहीत. तुला त्या ७५ चित्रांतलं एकही उशिरा यायला नको आहे, आणि ते काम ५६०० करतो. उद्या १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि तगडं कार्ड आलं तर तेव्हा बघू. आज १७ हजार देऊन वापरलेला, वॉरंटीचा पत्ता नसलेला प्रोसेसर घेणं मला पटत नाही.

ट्रेचं सांगते. ट्रे म्हणजे खोकं नाही, कूलर नाही, आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते ती बॉक्सवाल्याला. ट्रेला दुकानदार जी देईल ती. तुझा २२००जी चा कूलर ५६०० वर बसेल, त्यामुळे कूलरपुरती अडचण नाही. पण दीड हजारासाठी तीन वर्षांची झोप विकू नकोस. बॉक्स घे. खोक्याला छोटी खिडकी असते, त्यातून प्रोसेसरवरची अक्षरं दिसतात. त्यावर ५६०० च छापलंय ना बघ, पुढे एक्स, जी असं काही नको. बिलावर जीएसटी आणि सीरियल नंबर दोन्ही लिहून घे. नुसत्या चिठ्ठीवर घेऊ नकोस.

रॅम सेकंडहँड चालेल. ऑफिसचे डेस्कटॉप भंगारात निघतात, त्यांतल्या डीडीआर४ स्टिक तुझ्या बोर्डात बसतात. लॅपटॉपची आखूड स्टिक बसत नाही. जमलं तर २६६६ चीच ८ जीबी घे. दोन वेगवेगळ्या वेगाच्या असल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात, एवढंच. लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालव. एक जरी लाल ओळ आली तर सकाळी परत देऊन ये. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापर.

पॉवर सप्लाय नवा नको. ५६०० भरात असतानाही साधारण ७६ वॉट घेतो, कार्ड १२५. मात्र ४५० हा आकडा बाजूच्या स्टिकरवरून पडताळ. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिलेत ते १२ ने गुण. ३४ लिहिले असतील तर ४०८ वॉट, उत्तम. १५-१६ च असतील तर तो ४५० चा नाहीच. तसं निघालं तर आधी तो बदलायचा, प्रोसेसर नंतर. निकामी सप्लायने बोर्डासकट सगळं नेलेलं मी पाहिलंय.


ओम_मिरज

१२ व्होल्टला ३४ अँपियरच लिहिलेत, अगदी तुम्ही म्हणालात तेच! ५६०० बॉक्स ठरला. एका ओळखीच्याकडे ८ जीबीची २६६६ स्टिक २,८०० ला मिळतेय. एकूण १३,२००. आता बसवण्याची भीती वाटते. दुकानदार बसवायचे ५०० मागतोय. मी स्वतः करू का? बायॉस कधी केलेला नाही.


सुजाता_कराड

कर, मी सांगते तसं. घाई न करता रविवारी सकाळी बस, पुढ्यात रिकामं टेबल घे.

बायॉस आधी, प्रोसेसर नंतर. हा क्रम उलटला तर नवा प्रोसेसर ओळखायला बोर्डाकडे काही नसतं आणि पडदा काळाच राहतो. बोर्डाचं पूर्ण मॉडेल बोर्डावरच स्लॉटच्या मधल्या जागेत छापलेलं असतं, सीपीयू-झेड या फुकट प्रोग्राममध्येही दिसतं. एक अक्षर इकडेतिकडे नको. एकाच नावाच्या बोर्डांच्या दोन-दोन आवृत्त्या असतात, कोपऱ्यातला रिव्हिजन नंबरही बघ. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाच्या पानावर प्रोसेसरची यादी असते, ५६०० पुढे बायॉसची किमान आवृत्ती लिहिलेली असते. तुझ्याकडे आधीच त्यापुढची असेल तर हे काम वाचलं.

नसेल तर डाउनलोड करण्याआधी त्या आवृत्तीखालच्या सूचना शब्दन् शब्द वाच. दोन गोष्टी शोध. एक, मधली एखादी आवृत्ती आधी टाकायला सांगितलीय का. दोन, रेव्हन रिज प्रोसेसर लावलेला असताना ही आवृत्ती टाकू नका असं लिहिलंय का. तुझा २२००जी म्हणजेच रेव्हन रिज. काही बोर्डांच्या बायॉस चिपमध्ये जागा कमी, म्हणून नव्यांना घेताना जुन्यांना बाहेर काढलंय. तसं लिहिलेलं दिसलं तर थांब आणि मॉडेल इथे टाक, ५६०० ला घेणारी त्यातली सगळ्यात जुनी आवृत्ती आपण शोधू.

पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर, झिप उघडून आतली फाइल त्यात ठेव, बायॉसमध्ये जाऊन तिथल्याच फ्लॅश मेनूतून टाक. विंडोजमधून टाकायची सोय असते, ती वापरू नकोस. आणि हे सगळं यूपीएसवर. आपल्याकडे लाइट कधी डोळा मारेल सांगता येत नाही, आणि बायॉस लिहीत असताना वीज गेली तर बोर्ड मेला असंच धर. यूपीएस नसेल तर शेजाऱ्यांचा माग. पट्टी पुढे सरकत असताना कशालाही हात लावायचा नाही.

आता प्रोसेसर काढणं. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. एएम४ ला पिना प्रोसेसरला असतात, १,३३१. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी पेस्ट वाळून कूलरला अशी चिकटते की कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटची कडी बंद असतानाही प्रोसेसर त्याच्यासकट उपटून येतो आणि पिना वाकतात. गेल्या महिन्यात एक मुलगा रुमालात गुंडाळून असाच एक घेऊन आला होता, एका कडेची पूर्ण रांग आडवी. मी पेन्सिल-पेनमधली शिसं काढून त्याचं पोकळ धातूचं टोक एकेका पिनेवर चढवते आणि केसभर केसभर सरळ करते. भिंगाखाली दुपार गेली. चालू झाला, पण प्रत्येक वेळी होईलच असं नाही, पिना तुटतातही.

म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालव, पेस्ट गरम होऊन मऊ पडते. मग बंद कर, वायर काढ, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ दे. कूलरचे चारही स्क्रू थोडे थोडे, तिरप्या जोड्यांनी सैल कर. शेवटचा निघाला की बोर्डामागची धातूची पट्टी सुटते, ती मागून बोटाने धर. मग कूलर वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलक्या हाताने पिळ. सुटल्याचं हाताला कळतं. तेव्हाच उचल. नंतर सॉकेटची कडी वर, २२००जी कडेने धरून सरळ वर.

५६०० ठेवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळव. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबावं लागतंय म्हणजे काहीतरी चुकतंय, उचल आणि परत बघ. बॉक्समधल्या कूलरला खाली पेस्ट लावलेलीच येते, तिला बोट लावू नकोस, वरून आणखी घालू नकोस. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर.

पहिल्यांदा चालू करशील तेव्हा घाबरवणाऱ्या दोन गोष्टी होतील. मॉनिटरची केबल आज बोर्डाला असेल तर चित्र येणार नाही, कारण ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही; केबल कार्डाला लाव. आणि काळ्या पडद्यावर मजकूर येईल की नवा प्रोसेसर बसवलाय, एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारा भाग) पुसायचा का, वाय की एन. वाय दाबलं की त्यातल्या जुन्या किल्ल्या जातात. विंडोजचं बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर ते लगेच रिकव्हरी की मागतं, ४८ आकड्यांची. म्हणून शनिवारीच सेटिंग्जमध्ये बघून ठेव, चालू असेल तर की कागदावर उतरव किंवा बिटलॉकर बंद कर.

हे झालं की बायॉसमध्ये रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) आहे का बघ, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. ऑफिसच्या स्टिकला ते नसतं, तेव्हा २६६६ दाखवत असेल तर ठीकच आहे.

आणि हो, विंडोज १० वर असशील तर आता ११ टाक. २२००जी मायक्रोसॉफ्टच्या ११ च्या यादीत नव्हता, ५६०० आहे. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ११ वर गेल्यावर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो, दोन्ही बायॉसमधून चालू कर.


ओम_मिरज

ताई, झालं! बायॉसला मधली एक आवृत्ती आधी टाकायची होती, पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, तुम्ही सांगितलं नसतं तर वाचलंच नसतं. रेव्हन रिजची अडचण नव्हती. शेजारच्या काकूंचा यूपीएस आणला. कूलर पिळताना हात थरथरत होते पण निघाला, पिना सगळ्या सरळ. एफटीपीएमचा मजकूर आला, बिटलॉकर आधीच बंद होतं, वाय दाबलं.

सीएस२ मध्ये कार्ड आता ९० च्या वर असतं. धुरात अडकत नाही. जीटीएमध्ये शहरात पूर्ण वेगाने गेलो, बिल्डिंगा जागच्या जागी. आलेख जवळजवळ सरळ रेष. मेमटेस्ट रात्रभर चालला, एकही चूक नाही.

एकच विचारायचं, खेळताना तापमान ७६-७८ दाखवतं. चालेल का? २२००जी एवढा तापत नव्हता.


सुजाता_कराड

फार आनंद झाला. खरंच.

चालेल. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे, ७८ ला त्याला काही होत नाही. पण आत्ता थंडी आहे. मे महिन्यात मिरजेत खोलीच चाळिशीला पोचते, तेव्हा हाच आकडा वर जाईल. केसच्या पुढच्या जाळीतली धूळ काढ, आत एकच पंखा असेल तर पुढून हवा आत घेणारा आणखी एक लाव, दोन-चारशेत मिळतो. सीपीयू लिमिटला टेकलाच तर तो स्वतःच वेग कमी करून घेतो, जळत नाही.

कार्ड ९० च्या वर गेलंय म्हणजे आता पुढचा अडसर कार्ड आहे. घाई नको. पैसे साठले की ८ जीबीचं बघ, आरएक्स ६६०० च्या वर्गातलं. तुझा सप्लाय त्याला पुरतो.


विजय_इस्लामपूर

ओमदादा, तो २२००जी विकताय का? भाचीसाठी पीसी जमवतोय, बारावीचा अभ्यास आणि थोडं कोडिंग. ए३२० बोर्ड पडून आहे माझ्याकडे, ग्राफिक्स कार्ड नाही.


ओम_मिरज

हो, आहे. जुन्या कूलरसकट १,८००. रविवारी इस्लामपूरला यायचंच आहे, मामांकडे. बसवून बघा, मग पैसे द्या.


सुजाता_कराड

विजयभाऊ, कार्डाशिवायच्या पीसीला तो अजून छान आहे. फक्त ८ जीबीची एक स्टिक लावण्यापेक्षा ४-४ च्या दोन लावा. त्यातलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, दोन चॅनेल मिळाले की लगेच फरक दिसतो. आणि ए३२० वर आहे तो बायॉस राहू द्या, २२००जी ओळखला तर नवा टाकायची गरज नाही.